लक्ष्या गेला त्या वर्षी

मागच्या महिन्यात आईच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी भुलेच्या डॉक्टरांकडे तपासणीला गेलो होतो. मोठे डॉक्टर नंतर येणार होते, त्याआधी एक तरुण मुलगी, नुकतीच डॉक्टर झालेली असावी, ती फॉर्म भरून घेत होती. शुगर आहे का, बीपीची गोळी कुठली, एखादा दात हलतोय का, कवळी आहे का, कशाची अॅलर्जी. आई प्रत्येक उत्तर नीट विचार करून देत होती, शाळेत तोंडी परीक्षा द्यावी तसं. मग त्या मुलीने विचारलं, "याआधी काही ऑपरेशन झालंय का काकू?" आई म्हणाली, "हो, पिशवी काढलीये." "किती साली?" आई थांबली, माझ्याकडे बघितलं. मी गप्प, कारण मला आठवतच नव्हतं. मग आईने आधार कार्डावरची जन्मतारीख सांगावी इतक्या सरळपणे सांगितलं, "लक्ष्या गेला त्या वर्षी."

मुलीचं पेन थांबलं. तिला वाटलं घरातलं कोणी. म्हणाली, "सॉरी काकू, कोण होते?" तर आई, "अगं लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे." मग ती मुलगी मान हलवून गोड हसली, फोन काढला, टाईप केलं आणि म्हणाली, "१६ डिसेंबर २००४." आई म्हणाली, "हां, मग त्याच्या दहा दिवस आधी." तिने फॉर्मवर २००४ लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेली, घरात कोणाला दम्याचा त्रास आहे का.

एवढंच झालं. पण त्या रात्री आई वॉर्डात झोपली आणि मी बाजूच्या बाकड्यावर पडून होते तेव्हा ते डोक्यातून जाईना. लक्ष्या कधी गेला असं कोणी मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी डिसेंबर २००४ सांगितलं असतं, फोन न बघता. आईचं एवढं मोठं ऑपरेशन कधी झालं ते मला सांगता आलं नाही.

आणि मी तेव्हा अकरा वर्षांची होते, त्याच घरात होते.

आमचं घर वाईला, गंगापुरीत, नदीपासून चार पावलांवर. डिसेंबरात सकाळी कृष्णेवरून धुकं वर यायचं आणि प्रत्येक घराच्या बंबाचा धूर त्यात मिसळायचा, त्यामुळे माझ्यासाठी थंडीला अजूनही ओल्या लाकडाच्या धुराचाच वास आहे. आईला दोन वर्षं त्रास होता. गाठी होत्या, अंगावरून फार जायचं, पांढरीफटक दिसायची, पण हे सगळं मला आता जोडून जोडून कळतं, तेव्हा मला कोणी काही सांगितलं नव्हतं. "आईची पिशवी काढायचीये" एवढं कानावर आलं होतं आणि माझ्या डोळ्यासमोर खुंटीवर लटकणारी बाजाराची पिशवी यायची, निळ्या काठाची. आई साताऱ्याला दवाखान्यात गेली, सात दिवसांनी आली, माजघरातल्या कॉटवर झोपायला लागली. पोटाला पट्टा. बादली उचलायची नाही, जिना चढायचा नाही, जोरात खोकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही कारण टाके ओढतात. हसू किंवा खोकला आलाच तर उशी पोटाशी घट्ट धरायची असं सिस्टरने शिकवलेलं. आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं, म्हणणं असं की बायकांच्या जातीला हे चालायचंच, आमच्या वेळी तर दवाखानाही नव्हता. आजी दुष्ट नव्हती. तिने ते दहा दिवस सगळं घर ओढलं, स्वयंपाक, धुणं, माझे डबे. पण आईच्या कॉटवर दोन मिनिटं बसून कसं वाटतंय गं असं तिने विचारलेलं मला आठवत नाही, आणि आईही काही बोलायची नाही. माजघरात उजेड कमी असायचा, आई आढ्याकडे बघत पडलेली असायची.

१६ तारखेला गुरुवार होता. मी शाळेतून आले तर आई माजघरात नव्हती. पुढच्या खोलीत टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती, उशी पोटाशी धरून. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ती त्या खोलीत आली होती. टीव्हीवर लक्ष्या होता, साडी नेसून लाजत होता, मग कुठल्या तरी पिक्चरमध्ये पळत होता, मग डोळे मोठे करून घाबरत होता, आणि खालच्या पट्टीवर निधन, निधन असं सरकत होतं. घरात त्याला आम्ही कधी लक्ष्याशिवाय दुसरं काही म्हणालो नव्हतो आणि त्या पट्टीत तो एकदम "लक्ष्मीकांत बेर्डे यांचे" झाला होता. ते "यांचे" वाचून मला पहिल्यांदा समजलं की खरंच काहीतरी झालंय.

आई हसत होती आणि रडत होती. मी दोन्ही एकत्र असं कधी बघितलं नव्हतं. तो काहीतरी करायचा आणि तिला हसू फुटायचं, हसू फुटलं की टाके ओढायचे, ती उशी आवळायची, तोंडातून 'आई गं' निघायचं आणि मग रडूच सुटायचं, आणि त्यात परत त्याचं काहीतरी चालू व्हायचं. केस विस्कटलेले, पदर खांद्यावर नाही. आजी दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. मला वाटलं आता आजी ओरडणार, टीव्ही बंद करा म्हणणार. पण आजी आत आली, खाली बसली आणि म्हणाली, "पन्नास म्हणजे काय जायचं वय आहे का गं." आणि तीही रडायला लागली. आजीचा धाकटा मुलगा, माझा काका, मी जन्मायच्या आधी विहिरीत बुडून गेला होता, पंचविशीच्या आत. घरात त्याचा फोटो होता पण त्याच्याबद्दल बोललं जायचं नाही. त्या संध्याकाळी त्या दोघी बराच वेळ तशा बसल्या होत्या, कोणी कोणाला काही म्हणालं नाही. मग आजीने उठून चहा केला, आलं ठेचून घातलं आणि पहिला कप आईच्या हातात दिला, स्वतः, हातात.

त्या घरात आईला स्वतःच्या पोटासाठी रडायची सोय नव्हती. आजीला तिच्या मुलासाठी इतक्या वर्षांनी रडायची सोय नव्हती. लक्ष्यासाठी मात्र कोणीही रडू शकत होतं, त्याला काही कारण द्यावं लागत नव्हतं. हे मला त्या बाकड्यावर पडल्या पडल्या सुचलं, एकवीस वर्षांनी.

वाईच्या माणसाला खरं तर नटनट्यांचं फार अप्रूप नसतं, निदान तसं दाखवायचं नसतं. शूटिंग आमच्याकडे बाराही महिने. लहानपणी "आज घाटावर शूटिंग आहे" याचा अर्थ कपडे धुवायला दुसरीकडे जायचं एवढाच. मेणवलीला 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हा माझा मामा क्राऊडमध्ये होता, पांढरी टोपी घालून, दिवसाचे पैसे आणि दोन वेळचं जेवण. मीही एकदा गेले होते त्याच्या सायकलवर पुढे बसून. लांबून एक पांढरी गाडी आणि एक मोठी छत्री दिसली, छत्रीखाली शाहरुख आहे असं सगळे म्हणत होते. मी शाहरुख बघितला असं मी पुढे चार वर्षं शाळेत सांगितलं, खरं म्हणजे मी छत्री बघितली. तो पिक्चर लागला १७ डिसेंबर २००४ ला, म्हणजे लक्ष्या गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आख्ख्या वाईत एका बाजूला लक्ष्याचं दुःख आणि दुसऱ्या बाजूला आपला घाट पडद्यावर दिसणार याचा आनंद. मामा पहिल्याच आठवड्यात जाऊन बघून आला. आईला एसटीचे धक्के चालणार नव्हते म्हणून तिने पुष्कळ उशिरा टीव्हीवर बघितला, आणि सगळे मिळून मामाची टोपी शोधत होतो. सापडली असं मामा म्हणतो. आता मेणवलीला पुण्या-मुंबईची माणसं येतात, त्यांना नाना फडणवीसांचा वाडा बघायचा असतोच असं नाही, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा बघायची असतेच असं नाही, ते विचारतात शाहरुख नक्की कुठल्या पायरीवर बसला होता. मला आधी याचा राग यायचा. आता येत नाही. पायरीवर हात ठेवून बसणाऱ्या एका बाईच्या तोंडाकडे मी एकदा नीट बघितलं, देवळाच्या उंबऱ्याला हात लावताना माझ्या आजीचं तोंड जसं व्हायचं तसंच होतं.

मराठीत आपण एकेरी कोणाला हाक मारतो याचा मी हल्ली फार विचार करते. नगरसेवकाला साहेब, बँकेतल्या कॅशियरला सर, नवीन जावयाला अहो-जाहो. आणि आईला एकेरी, विठोबाला एकेरी. सचिन खेळला, लता काय गायलीये, अमिताभ आजारी आहे म्हणे. ज्यांना आयुष्यात कधी भेटणार नाही त्यांना आपण घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाचं क्रियापद लावतो. लक्ष्याच्या बाबतीत तर नावही आपणच छोटं करून घेतलं, चाळीतल्या पोराला करतो तसं. गिरगावातला मुलगा, साहित्य संघात नोकरी करता करता नाटकात आला, तो मोठा झाला तरी कोणालाच मोठा वाटला नाही, आपल्यातलाच वाटला. माझ्या वर्गात तीन सचिन होते आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या बॅचमध्ये ऐश्वर्या किती, बाई म्हणायच्या आडनावानेच हाक मारावी लागते, कारण १९९४ ला ती मिस वर्ल्ड झाली आणि त्यानंतर घराघरात पाळण्यात ऐश्वर्या. त्या मुलींना काय वाटत असेल कोण जाणे.

बाबांचं तर सगळं आयुष्य सचिनला बांधलेलं. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागले ते १९८९ साली, त्याच नोव्हेंबरात सचिन कराचीला पहिली कसोटी खेळला. बाबा हे नेहमी सांगायचे, आमची नोकरी एकाच वर्षी लागली म्हणून. रोज पहाटेची एसटी, वाई-सातारा, तेवीस वर्षं. २०१२ ला कंपनीला टाळं लागलं. एका सोमवारी गेले तर गेटवर कागद. बाबा त्या दिवशी घरी आले, जेवले, झोपले, आणि त्याबद्दल परत बोललेच नाहीत, म्हणजे पैशाचं बोलले, देण्याघेण्याचं बोलले, बाकी काही नाही. पुढच्या वर्षी १६ नोव्हेंबरला, शनिवार होता, वानखेडेवर सचिनचा शेवट. मी कॉलेजातून घरी आले होते. सचिन भाषण करत होता, एकेकाचं नाव घेत होता, वडील, आई, भाऊ, आचरेकर सर, त्याची आई पहिल्यांदाच मैदानावर आली होती खेळ बघायला. मग तो एकटा आत चालत गेला, वाकून खेळपट्टीला हात लावला आणि नमस्कार केला. आणि बाबा, ज्यांना मी आजोबांच्या वेळी रडताना बघितलं नव्हतं, ते हुंदके देऊन रडायला लागले. आई पटकन पाणी आणायला उठली. मला तेव्हा ते जास्तच वाटलं, थोडं लाजल्यासारखंही झालं, मैत्रीण आली होती घरी. नंतर कितीतरी वर्षांनी माझ्या स्वतःच्या ऑफिसात एका शिपाईकाकांचा निरोप समारंभ होता, शाल, श्रीफळ, पेढे, सगळे दोन दोन शब्द बोलले, काका जाताना आपल्या स्टुलाला हात लावून पाया पडले, आणि मला तिथे उभ्या उभ्या बाबा आठवले. बाबांना हात लावायला काही उरलंच नव्हतं, गेट बंद होतं.

म्हणून कोणी म्हणालं ना, की काय हे वेड, कोण कुठला नट मेला आणि लोक जेवायचे थांबले, तर मला आता ते ऐकवत नाही. पण मी हे इथेच थांबवलं तर खोटं होईल.

२०२० ला मी पुण्यात एकटी होते, भाड्याच्या खोलीत, लॉकडाऊन. पगार अर्धा झाला होता, रूममेट गावी अडकली होती, आई-बाबांशी रोज फोन पण बोलायला काही नाही. १४ जूनला रविवारी दुपारी सुशांत सिंह राजपूतची बातमी आली. मी त्याची काही मोठी फॅन नव्हते. तरी त्या दिवशी भांडी तशीच पडली, मी रात्री दोनपर्यंत फोनवर त्याचेच व्हिडीओ बघत होते. माझ्याहून सात-एक वर्षांनीच मोठा, एकटाच बाहेरून शहरात आलेला, आणि मला वाटलं मी त्याच्यासाठी रडतेय. आईसारखंच झालं होतं माझं, हे आता कळतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण चॅनेलवाल्यांनी थांबू दिलं नाही आणि मीही थांबले नाही. रोज संध्याकाळी नवीन आरोप, नवीन चॅट, आणि त्याच्या मैत्रिणीचा, त्या मुलीचा चेहरा, जिला सगळ्यांनी मिळून दोषी ठरवून टाकलं होतं. आमच्या फॅमिली ग्रुपवर, जिथे सकाळी फुलं आणि सुविचार येतात, तिथे तिच्याबद्दल जे लिहिलं जायचं ते मी इथे लिहू शकत नाही. मी त्यातला एक मेसेज दुसऱ्या ग्रुपवर पाठवला होता. एकच, पण पाठवला होता. सप्टेंबरात तिला अटक झाली त्याआधी ती चौकशीला जात असताना कॅमेरे आणि माईक घेऊन माणसांचा घोळका तिच्या अंगावर गेला होता, तिला पाऊल टाकायला जागा नव्हती, ते मी लाईव्ह बघितलं आणि जेवत होते. २०२५ च्या मार्चमध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला तेव्हा मी तो जुना मेसेज शोधत बसले, दोन तास. डिलीट करून काय होणार, पण शोधला. सापडला नाही, फोन बदलला होता मधे.

भांडणात माणूस खाली उतरला की आपण म्हणतो एकेरीवर आला. तीच एकेरी. लक्ष्याला लावलेली आणि तिला लावलेली, व्याकरणात काही फरक नाही. आपलं मानलं म्हणून जवळ घेतलं आणि आपलं मानलं म्हणूनच तिला काहीही बोलायचा हक्क वाटला. आणि अगदी खरं सांगायचं तर त्या १६ डिसेंबरलाही मुंबईत एका घरात लक्ष्याची लहान मुलं होती, त्यांचा बाप गेला होता, आणि आम्ही इथे वाईला बसून त्यांचं दुःख आमच्या कामाला लावत होतो. आईने कोणाचं काही बिघडवलं नाही हे मला माहीत आहे. तरी मुलांचं काय झालं असेल हा प्रश्न त्या दिवशी आमच्या घरात कोणीतरी विचारला होता का ते मला आठवत नाही, मी खूप आठवून बघितलं.

६ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी आईचा फोन आला होता. "अगं, लता गेली." शेजारच्या कोणाचं सांगावं तसं. मला वाटलं आता ही रडणार, कारण घरात सकाळचा चहा आणि लता याशिवाय दिवस सुरू झालेला मी बघितला नव्हता. पण आईचा आवाज शांत होता. संध्याकाळी शिवाजी पार्कवरचं सगळं तिने टीव्हीवर बघितलं, मग मला परत फोन केला. मी म्हटलं, "तू रडली नाहीस?" तर म्हणाली, "ब्याण्णव होतं गं तिचं वय. भरून पावली. तिच्यासाठी कशाला रडायचं, तिला नमस्कार करायचा." म्हणजे आई प्रत्येकासाठी रडणारी नाही. लक्ष्या वेगळा होता, किंवा ते दहा दिवस वेगळे होते.

ऑपरेशन नीट झालं. दुर्बिणीचं होतं, तीन बारीक टाके, दुसऱ्या दिवशी उभी राहिली, तिसऱ्या दिवशी घरी. सिस्टरने काढलेले खडे छोट्या डबीत घालून दिले, हरभऱ्याएवढे चार, आईने ते रिक्षात दोनदा उघडून बघितले. कर्वे रोडला गाडी अडकली होती, उन्हं तापलेली, आणि मी धीर करून विचारलं, "आई, पिशवी काढली तेव्हा फार दुखत होतं का गं?" तिने डबीचं झाकण लावलं. म्हणाली, "दुखण्याचं काही नाही. मला अजून एक मूल हवं होतं. तुझ्या पाठीवर. ते आता होणार नाही, असं ते डॉक्टर सगळ्यांसमोर सांगून गेले आणि तुझी आजी म्हणाली बरं झालं, कटकट गेली." मग जरा वेळ बाहेर बघत होती. मला काय बोलावं कळेना, मी तिचा हात धरला, सलाईनच्या सुईची जागा काळीनिळी झाली होती तो.

सिग्नल सुटला. रिक्षावाल्याच्या आरशाखाली त्याने कुठल्या तरी हिरोचा फोटो चिकटवला होता, उन्हाने पिवळा पडलेला, कोण ते ओळखू येत नव्हतं. आई त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "लक्ष्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठा होता. आता मीच त्याच्याहून मोठी झाले बघ, नऊ वर्षांनी." आणि मग, "फाइल दे जरा." मी दिली. तिने चष्मा लावून फॉर्मची पानं उलटली, तिचं बोट त्या ओळीवर थांबलं, २००४.

"नुसतं साल लिहिलंय. डिसेंबर लिही की."

मी पर्समधून पेन काढलं आणि रिक्षा हलत असतानाच लिहिलं.